मोरपंखी पट्ट्याची दिशा

३ ऑगस्ट, रविवार. धुळे

व्याह्यांकडे कुळाची देवी कानबाई बसली. सौ. जाऊन अद्याप वर्ष पूर्ण झालेले नाही, तेव्हा अशा उत्सवास जाऊ नये असे मनात होते, परंतु मुलीने, चि. मृ. ने, फोनवर इतका आग्रह केला की सकाळीच जळगावहून पारोळ्यावरून येणारी बस पकडली. (सौ. असेच लिहीन. कै. लिहावयास हात धजत नाही. पाहणारे कोण आहे?)

घर माणसांनी भरलेले. सोनगीरकडून त्यांचे सगळे भाऊबंद आलेले. नैवेद्याच्या रोटांची पंगत बसली. रोट कुळातल्या माणसांखेरीज कोणी खायचे नाहीत, असा त्यांच्याकडे कडक नियम. चि. मृ. लग्नाने त्यांच्या कुळातली झाली, म्हणून ती आत पंगतीत. मी तिचा बाप, म्हणून बाहेर ओसरीवर, वेगळ्या ताटावर. विहीणबाई शकुंतलाबाई स्वतः वाढावयास आल्या. "व्याहीबुवा, तुम्हले रोट देता येत नही, बाकी बठ्ठं शे. गंगाफळाची भाजी घ्या ना." नियम तो नियम. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार निराळी. आतून चि. मृ. चा आवाज आला, "आई, खीर संपली." विहीणबाईंना ती आजवर "मम्मी" म्हणत असे. "आई" हा शब्द आमच्या घरचा होता.

भाजी चांगली होती. संपवली नाही.

४ ऑगस्ट, सोमवार. जळगाव

रात्री लॉजवर मुक्काम केला; सकाळी विसर्जन. चौरंग डोक्यावर घेऊन विहीणबाई (यापुढे वि. बा.) पुढे, मागे साऱ्या बाया फुगड्या घालीत. चि. मृ. त्यांच्या खांद्याला खांदा लावून. माझ्याकडे तिने दोनदा पाहून हात हलविला.

निघण्यापूर्वी व्याही, ज्यांना सगळे नाना म्हणतात, माझ्याजवळ बसले. चहाचा पहिला घोट घेतात न घेतात तोच आतून हाक. बसस्टँडवर सोडायला गाडी काढा, त्याआधी गॅसचे सिलिंडर बदला, त्याआधी अंगावरचा सदरा बदला. नाना मला म्हणाले, "सर, देखा. ही बाई माले निवांत चहा पेऊ देस नही."

मी हसलो. हसणे उचित होते. संपूर्ण बसप्रवासात त्या वाक्याचा मला हेवा वाटत राहिला. एरंडोल गेले, तरी.

घरी आलो. चहा केला. निवांत प्यालो.

१७ ऑगस्ट, रविवार

चि. मृ. चा फोन. तिच्या कॉलनीच्या मंडळात नवरात्रात गरब्याची स्पर्धा असते. यंदा तिच्या गटाने ठरविले आहे की मध्ये नाचणारीचा घागरा दिव्यांचा असावा, रंग बदलणारा. मध्ये नाचणार ती.

"आई शिवणार आहे, बाबा. दिवे तुम्ही करा."

"कोण आई?"

पलीकडून, "बाबा." एवढेच.

मी सांगितले की वर्षश्राद्ध या महिन्याच्या अखेरीस आहे, त्यानंतर नाचण्यास प्रत्यवाय नाही; दिव्यांचा विचार करून कळवितो. विचार करण्यासारखे काहीच नव्हते. तिचा प्रत्येक घागरा आजवर सौ. ने शिवला होता. अगदी शाळेतल्या पहिल्या गरब्यापासून.

१९ ऑगस्ट

होकार कळविला. तंत्रनिकेतनात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकविण्यात आयुष्य घालविले, विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालो, परंतु हल्लीच्या या पट्ट्या मी हाताळलेल्या नाहीत. प्रत्येक दिव्याच्या पोटात स्वतःची चिप. एकाच तारेवरून आज्ञांची माळ सोडायची, पहिला दिवा आपली आज्ञा काढून घेतो आणि उरलेली पुढच्यास देतो. पंगतीत ताट पुढे सरकवावे तसे. विद्यार्थ्यांना सांगण्यास उत्तम दृष्टान्त. आता सांगणार कोणास.

पट्टी, छोटा कंट्रोलर व वायर मागविली. वीज पॉवर बँकेवरून. ती कमरेच्या खिशात.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती आणला नाही. शेजारच्यांच्या आरतीचा आवाज ऐकत प्रोग्रॅम लिहिला. पट्टी पेटली. पहिला दिवा पेटला तेव्हा अकारण उभा राहिलो.

३१ ऑगस्ट, रविवार

काल वर्षश्राद्ध झाले. चि. मृ. आणि जावई आले होते. जावई रात्रीच पुण्यास परतले, तेथे नोकरी. वि. बा. व नानाही आले. मी बोलाविले नव्हते असे नाही. परंतु येतील असे वाटले नव्हते.

गुरुजी जाताच वि. बा. नी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सौ. चे डबे उघडून पाहिले. "हळदीच्या डब्यात मोहरी कशी?" असे मला विचारले. तो डबा मोहरीचाच आहे. त्यावर "हळद" लिहिले आहे, एवढेच. सौ. ला ठाऊक होते, मला ठाऊक होते. आता त्यांनाही ठाऊक झाले.

४ सप्टेंबर. धुळे

घागऱ्याचे माप. दिवसभर दगदग झाली, तरी निजण्यापूर्वी लिहून ठेवतो.

मी पट्टी घागऱ्याच्या घेराला गोंदाने चिकटवावी असे सुचविले. वि. बा. नी कापड हातात घेऊन माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी देवळात जोडे घालून शिरलो. "धुवायचं कसं मग? घाम येतो नाचताना. नेफ्यासारखी बोगदी शिवते नेटची, पट्टी सरकवायची आणि काढायची." त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी म्हणालो, विचार करण्याजोगे आहे.

प्रात्यक्षिक म्हणून पट्टी टेबलावर लावून दाखविली. लाल रंगाची आज्ञा दिली, हिरवा लागला. पुन्हा दिली, पुन्हा हिरवा.

वि. बा. टाळी वाजवून हसल्या. "लाल सांगं, हिरवं उनं! व्याहीबुवा, घरात माझंबी असंच चालतं, नानाले एक सांगते, ते दुसरं करतात."

नाना आतून, "मी ऐकी राह्यनू बरं का!"

कारण साधे होते. या जातीच्या दिव्यांत हिरव्याची आज्ञा आधी आणि लालची नंतर जाते. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले आहे, मी वाचले नव्हते. मी त्यांना कारण सांगितले. त्या म्हणाल्या, देवीलाच हिरवं हवं असेल. त्या आणि नाना दोघेही हसले. चि. मृ. सुद्धा. तिला मी इतकी हसताना वर्षभरात पाहिले नव्हते. माझ्या चुकीवर हसली, म्हणून राग येत नाही. त्यांच्याबरोबर हसली म्हणून येतो. असे लिहिणे शोभत नाही. लिहिले.

९ सप्टेंबर, मंगळवार. जळगाव

घागरा पार्सलने आला. शिवण उत्कृष्ट. टाके मोजावेत इतके सारखे. परंतु बोगद्याचे तोंड उजव्या बाजूस ठेवले आहे आणि पट्टी आज्ञा एकाच दिशेने घेते; त्यामुळे रंग उलट्या दिशेने फिरतात. फोन केला. "उजवीकडूनच सुरुवात करतात शिवायची, आमच्या माईनं तसंच शिकवलं. उलटं नाही शिवत मी."

उपाय प्रोग्रॅममध्ये एका ओळीचा आहे. क्रमांक शेवटाकडून मोजायचे. केला. त्यांना मात्र सांगितले की काम बरेच वाढले आहे, दोन दिवस लागतील.

"मग उसवते ना. पार्सल परत करा," त्या म्हणाल्या.

घाईघाईने नको म्हणालो.

१० सप्टेंबर

रंग ठरवीत आहे. नवरात्रात वर्तमानपत्रात रोजचा रंग छापतात. स्पर्धेच्या संध्याकाळी ज्या दिवसाचा जो असेल तो घागराभर, वर सोनेरी झिरमिळ्या. हे चि. मृ. चे म्हणणे. त्यात मी एक भर घातली आहे. घेराच्या एका भागात मोरपंखी पट्टा.

कपाटातून सौ. ची मोरपंखी पैठणी काढली. पट्टीशेजारी धरून आकडे बदलीत बसलो. कापड दुसऱ्याचा प्रकाश परत पाठविते, दिवा स्वतःचा देतो; त्यामुळे ते कधीही तंतोतंत जुळणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी हिरवा थोडा कमी, निळा थोडा अधिक, लाल अगदी नावाला. संध्याकाळी खिडकीतला उजेड उतरला तेव्हा एक क्षण जुळला. त्या क्षणाचे आकडे ठेवले.

पैठणी घडी घातली. तिच्यासारखी जमली नाही. पुन्हा घातली.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी

नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईचे श्राद्ध आज. गुरुजींनी आधीच सांगितले होते, एक सवाष्ण जेवावयास हवी, तिला सौ. समजून जेवू घालायचे, ओटी भरायची, पाया पडायचे.

मी शेजारच्या कुलकर्णीबाईंचे नाव घेतले. चि. मृ. म्हणाली, "आईंना बोलवू ना, बाबा." गुरुजींना विचारले, विहीण चालते का? या प्रश्नाचे उत्तर ते नाही असे देतील असे मला वाटले होते. ते म्हणाले, "का नाही? चांगलंच."

वि. बा. सकाळच्या बसने एकट्या आल्या, हिरव्या साडीत. सौ. च्या पाटावर बसल्या. सौ. ला आवडे म्हणून चि. मृ. ने भरीत केले होते, मी वाढले. त्यांनी मागून घेतले. सौ. सुद्धा मागून घेई. मी त्यांच्या पाया पडलो, नियमाप्रमाणे. त्या अवघडल्या. "नका हो, व्याहीबुवा, नका," म्हणत पाय मागे घेतले. गुरुजी म्हणाले, या वेळी त्या विहीण नाहीत. पुन्हा पुढे केले.

माझे कपाळ जमिनीशी होते तेव्हा मनात आले, की ही जागा ज्यांना मिळाली आहे त्यांना ती किती सहज मिळाली आहे.

जेवणानंतर मी दिवे दाखविले. मोरपंखी लागताच वि. बा. म्हणाल्या, "अगंबाई, हा तर पोरीच्या साखरपुड्यात विहीणबाई नेसल्या होत्या त्या पैठणीचा रंग!" चि. मृ. ने नंतर पाहिले. आधी त्यांनी.

"ती साडी घ्यायला आम्हीच गेलो होतो दोघी. तुम्ही कॉलेजात होता. दुकानदाराच्या गल्ल्यावर एक मांजर बसलं होतं, ते हटेना. तुमच्या घरवाल्या किती हसायच्या हो! डोळ्यांतून पाणी यायचं त्यांच्या. दुकानदार वैतागला. मी म्हटलं, चला बाहेर, नाहीतर साडी देणार नाही तो."

सौ. मला फार हसणारी म्हणून आठवत नाही. मंद हसत असे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलेली मी तिला पाहिलेली नाही. ते हसणे यांच्याजवळ आहे.

चि. मृ. म्हणाली, "मला माहीत होतं हे मांजराचं." तिलाही.

१६ सप्टेंबर

काल झोप लागली नाही. आज एक कल्पना सुचली. ही कल्पना कोणास सांगणार नाही.

चि. मृ. गिरक्या घेते. घागऱ्यावरचा मोरपंखी तिच्याबरोबर फिरेल, सर्वांकडे एकेकदा जाईल. परंतु ती जितकी फिरली तितकाच प्रकाश उलट दिशेने सरकविला, तर ती फिरत राहील आणि मोरपंखी जागचा हलणार नाही. एकाच दिशेला तोंड करून राहील.

त्या दिशेला मी बसेन.

तेवढेच हवे आहे. एक रंग माझ्याकडे. बाकी घागरा त्यांनी शिवला आहे, मुलगी त्यांच्या घरात आहे, हसणेसुद्धा त्यांच्याकडे निघाले. हा एक माझ्याकडे राहावा.

फिरणे मोजणारा लहानसा सेन्सर मिळतो, नखाएवढा. मागविला.

२० सप्टेंबर, शनिवार

सेन्सर आला. पट्टी माझ्या जुन्या फिरत्या खुर्चीच्या पाठीला गुंडाळली, सेन्सर बैठकीखाली. समोर स्टुलावर बसून पायाने खुर्ची फिरविली. सगळे रंग फिरले. मोरपंखी फिरला नाही. खुर्ची पुन्हा पुन्हा फिरविली. तो माझ्याकडेच.

बराच वेळ तसाच बसलो. शेजारच्या कुलकर्णीबाई वाटीभर लापशी देण्यास आल्या. मला खुर्ची फिरविताना पाहून लापशी ठेवून निघून गेल्या.

२५ सप्टेंबर, गुरुवार. धुळे

आज रंगीत तालीम नाही. उद्या सरळ स्पर्धेची पहिली फेरी. मी लॉजवर खोली घेणार होतो. मुलीच्या सासरी मुक्काम करू नये, असे मी मानतो. वि. बा. नी माझी पिशवी हातातून घेतली. "मुलीच्या घरी पाणी पीत नव्हते ते बाप गेले आता. लॉजमधल्या गादीत ढेकूण असतात. इथं आमची माणसं असतात, ती चावत नाहीत."

नाना, "चावतात कधीकधी."

खोली घेतली नाही.

घागऱ्यात पट्टी सरकविली, सेन्सर कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूस पक्का बसविला. चि. मृ. ला सांगितले, दिवे सुरू करताना माझ्या खुर्चीकडे तोंड करून क्षणभर स्थिर उभी राहा. तेथून दिशेचा शून्य ठरतो. तांत्रिक गरज. ती "हो बाबा" म्हणाली. गरज खरी आहे. खुर्चीची मात्र नव्हती.

२७ सप्टेंबर, शनिवार. धुळे

कालचे लिहितो.

मैदानावर देवीच्या मंडपाच्या उजव्या अंगाला पुरुषांच्या खुर्च्या. समोर पलीकडे बायांच्या. मी पहिल्या रांगेत. वि. बा. पलीकडे, जावा-नणंदांच्या घोळक्यात. चि. मृ. आली, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. दिवे लागले. कालचा रंग हिरवा. हिरव्या घेरात समोर मोरपंखी, माझ्याकडे.

ढोल सुरू झाला. तिने पहिली गिरकी घेतली. हिरवे सगळे फिरले, सोनेरी झिरमिळ्या धावल्या, आणि मोरपंखी जागचा हलला नाही. मी खुर्चीचे दांडे धरले होते. सौ. ला मैदानात कोणी उभे केले आहे आणि ती मुलीच्या अंगावरून माझ्याकडे पाहते आहे, असे वाटले. असे वाटणे अशास्त्रीय आहे. वाटले.

दुसरे गाणे. पट्टा माझ्या डावीकडे किंचित सरकलेला दिसला. मी स्वतःला समजावले, खुर्ची तिरपी आहे. तिसऱ्या गाण्यात तो देवीकडे होता. मग मुलांच्या रांगेकडे. त्यानंतर, ढोल जोरात असताना, पलीकडे बायांकडे. वि. बा. वर तो थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर तो प्रकाश मला येथून दिसत होता.

हे असे होणारच होते. असा सेन्सर प्रत्येक गिरकीत अगदी थोडी चूक साठवितो, नाचाच्या धक्क्यांनी ती वाढत जाते, आणि शून्य हळूहळू घसरतो. खुर्चीवरची चाचणी थोडा वेळ केली होती म्हणून कळले नाही. विद्यार्थ्याने असे केले असते तर गुण कापले असते.

गट पहिल्या फेरीत निवडला गेला. सर्वजण आनंदात. मी अभिनंदन केले.

घरी येताच वि. बा. नी मला गाठले. "व्याहीबुवा! तुमनी बत्ती मनाकडेपन ई गई! मी म्हटलं, हा रंग घागऱ्याबरोबर का फिरत नाही, सगळीकडे हळूहळू हिंडतोय. माझ्याकडे आला तेव्हा मी जावेला म्हटलं, बघ, विहीणबाई आल्या भेटायला."

त्यांनी पदराने डोळे पुसले. सर्वांसमोर. मी अजून कोणासमोर पुसलेले नाहीत.

त्यांच्याकडे तो माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबला, असे मला वाटते. मोजलेले नाही.

२८ सप्टेंबर, रविवार. धुळे

जावई स्पर्धेसाठी शुक्रवारीच पुण्याहून आले आहेत. त्यांनी फोनवर घेतलेली चित्रफीत पुन्हा पुन्हा लावतात. चि. मृ. ती पाहत माझ्याशेजारी बसली.

"बाबा, मी फिरते आणि हा पट्टा फिरत नाही. मुद्दाम ना?"

"दिशा धरून राहतो. तसा प्रोग्रॅम आहे."

"कोणती दिशा?"

"उत्तर," मी म्हणालो.

तिने चित्रफीत मागे नेली, थांबविली. पडद्यावर मी, पहिल्या रांगेत, खुर्चीचे दांडे धरून. "उत्तरेला तुम्ही बसला होता."

 ती हसली नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग, "मला का नाही सांगितलंत? मला वाटलं असतं ना, की मीही धरून ठेवायला हवं."

काय धरून ठेवायला, हे तिने सांगितले नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार. धुळे

शून्य न घसरण्याचा उपाय आहे. पृथ्वीचे चुंबकत्व ओळखणारा दुसरा सेन्सर पहिल्यासोबत जोडायचा. पहिला चुकू लागला की दुसरा त्यास जागेवर आणतो. तो मी लागलाच तर म्हणून पूर्वीच मागविला होता, पिशवीत आहे. चार तारा जोडायच्या, थोडा प्रोग्रॅम बदलायचा. उद्या अष्टमी, अंतिम फेरी. वेळ पुरेसा आहे. मग मोरपंखी रात्रभर माझ्याकडेच राहील, सर्व गाणी होईपर्यंत.

हे मी ठरविलेच होते. आज सकाळी वि. बा. नी सर्व अवघड करून ठेवले. कॉलनीतल्या बायांना त्यांनी सांगितले आहे की सरांनी असा घागरा केला आहे की त्यातला एक रंग प्रत्येकीला भेटून जातो. बाया आपापल्या जागा धरीत आहेत. वरच्या मजल्यावरची बाई, जिचा मुलगा मागील वर्षी गेला, तिने विचारले म्हणे, माझ्याकडे येईल का तो उद्या.

"मी म्हटलं, येणार! सर करतात ते," वि. बा. म्हणाल्या. मग जरा थांबून, "नाही ना बिघडायचा? असाच ठेवा. त्या दिवशी माझ्याकडे जरा उशिरा आला, तेवढं बघा."

त्या बाईची मला दया आली. वि. बा. चा संताप आला. सौ. चा रंग वाटून टाकण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? आणि मग मनात आले, त्यांना तो वाटण्याजोगा वाटला. मला तसे सुचलेही नसते. याचाच राग अधिक आला.

दुपारी नाना व वि. बा. चे भांडण, नारळ कोणता फोडायचा यावरून. मी भिंतीपलीकडे पडून ऐकत होतो. संपूच नये असे भांडण.

३० सप्टेंबर, मंगळवार. धुळे

अष्टमी. मंडळाकडून निरोप आला, गटाचा क्रमांक आरतीनंतर लगेच.

सकाळपासून मागील खोलीत बसलो आहे. घागरा पलंगावर पसरलेला, कमरपट्टा उसवलेला. वि. बा. दोनदा येऊन गेल्या. एकदा चहा घेऊन, एकदा विचारावयास, की उसवले ते परत शिवण्यास त्यांना कधी बोलावणार. दोन्ही वेळा मी "बघतो" म्हणालो. चहा निवून गेला.

चि. मृ. ला विचारले, तुला काय वाटते? म्हणाली, "तुम्ही ठरवा, बाबा. ती तुमचीपण होती." "पण" हा शब्द मनात घेऊन बसलो आहे.

सोल्डरिंग आयर्न तापवले. लाल व काळी अशा विजेच्या दोन तारा जोडून झाल्या. सांधे स्वच्छ, चकचकीत. दिशा सांगणाऱ्या दोन तारा राहिल्या आहेत. त्या जोडल्या नाहीत तर दुसरा सेन्सर जागा राहील, पण त्याचे कोणी ऐकणार नाही.

हात स्थिर आहे. तरी तार पकडीत धरून तसाच बसलो आहे.

बाहेर आरतीची तयारी ऐकू येते. वि. बा. कोणास तरी सांगत आहेत, पुढच्या रांगेत तिला जागा ठेवा, वरच्या मजल्यावरच्या ताईला. नाना म्हणतात, आधी मला बसू दे. त्या म्हणतात, तुम्ही उभेच राहा.

चि. मृ. दारात आली आहे, केसांत गजरा माळलेला. घागऱ्यासाठी हात पुढे केला आहे.

तिला म्हणालो, जरा थांब.